टक्

आमच्या घरात गाडीच्या आवाजांना नावं आहेत. पट्टा सैल झाला की 'कुई', पाट्याचा बुश गेला की 'करकर', आणि मागच्या फाळक्याची कायमची 'खडखड'. दादाच्या पिकअपमध्ये यात एकाची भर पडली, 'टक्'. स्टिअरिंगची दिशा बदलली की एकदाच टक्, हाताला बारीकसा धक्का आणि वर बोटभर प्ले. म्हणजे स्टिअरिंग बोटभर फिरतं आणि चाकाला त्याची खबरच नसते!

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. टोमॅटो भरून ओतूरहून निघायचं आणि माळशेज उतरून कल्याणचं मार्केट गाठायचं, हा त्याचा हंगामातला नेम. वहिनीही बऱ्याचदा शेजारी बसून जाते. टक् पहिल्यांदा तिलाच ऐकू आलं. दादाचं म्हणणं, "रस्ते असे आहेत, आवाज यायचाच."

मी सुट्टीला गेलो होतो, म्हणून मिस्त्रीकडे बरोबर गेलो. मला वाटत होतं, आवाज स्टिअरिंगखालून येतोय म्हणजे बिघाड तिथेच. मिस्त्री हसले. स्टिअरिंगपासून खालच्या बॉक्सपर्यंत एकच सरळ दांडा जात नाही, तेवढी सरळ वाटच नसते. म्हणून दांड्याचे तुकडे करून मध्ये क्रॉसचे जोड देतात. खाली काहीही ठोकलं तरी आवाज त्या दांड्यावरून वर चढतो आणि आपल्या मांडीपाशी वाजतो. (मंडळी, हा जोड जुना आहे बरं का! रॉबर्ट हूकने १६७६ साली तो छापून दाखवला, तोही सूर्य बघायच्या दुर्बिणींवरच्या पुस्तकात.)

मग तपासणी. आधी स्टिअरिंग धरून वरखाली आणि पुढेमागे हलवलं. घट्ट. म्हणजे कॉलमचा बुश शाबूत. पुढची चाकं जॅकवर उचलून डावी-उजवी बाजू धरून हलवली, तर टाय रॉडलाही ढिलेपण नाही. वरखाली धरून हलवलं, तेही ठीक. मग मला आत बसवलं. "स्टिअरिंग दोन-दोन इंच इकडेतिकडे करा, जास्त नको." स्वतः खाली झोपून त्यांनी एकेका जोडावर हात ठेवला. तिसऱ्या मिनिटाला खालून आवाज आला, "सापडला!" बॉक्सजवळच्या जोडाची वरची बाजू आधी फिरत होती, खालची थोडी मागून. बोल्ट आवळून पाहिला, तो घट्टच होता. क्रॉसचं बेअरिंग झिजलं होतं.

नवा जोड दुसऱ्या दिवशी मिळणार होता. इकडे घरी क्रेट भरून तयार. दादाने विचारलं, "आज नुसतं ग्रीस मारून जमेल का?"

मिस्त्री म्हणाले, "चार दिवस आवाज बंद होईल."

वहिनी तिथेच उभी होती. म्हणाली, "आवाज बंद होईल. ढिलेपण जाईल का?"

कोणीच बोललं नाही. माल भरल्यावर घाटात वळण घेताना ते बोटभर अंतर केवढं मोठं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. दादाने फोन काढला आणि भाड्याची गाडी बोलावली. त्या खेपेत हातात फारसं काही उरलं नाही, आणि संध्याकाळभर त्याचा चेहरा उतरलेला होता, हेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी जोड बदलला. टक् गेलं, प्लेही गेला.

तेव्हापासून वाटतं, आवाज हा त्रास नाहीच, तो निरोप आहे. आपण निरोप्यालाच गप्प करायला बघतो. तुमच्याही गाडीत असं काही वाजत असेल, तर एकाने आत बसा, दुसऱ्याला जोडावर हात ठेवायला सांगा. मात्र इंजिन बंद ठेवून, आणि चाकांना दगड लावून! एकट्याने ते सापडत नाही.

आणि हो, वहिनी हे वाचणार आहे, म्हणून सांगतो. फाळका अजून वाजतोय. तो वाजू दे.