रेषेतला जीव

पूर्वी राजेमहाराजे आपल्या हत्तीघोड्यांची चित्रे दरबारी चितार्‍यांकडून काढून घेत. आज तेच काम घरातली शाळकरी नात संगणकावर करते. चित्राचा विषय मात्र असतो दाराशी बसलेला कुत्रा, खिडकीतली मांजर नाहीतर गोठ्यातले वासरू.

या कलेची सुरुवात चांगल्या छायाचित्रापासून होते. प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, खिडकीच्या सौम्य उजेडात टिपलेले छायाचित्र उत्तम. उभ्याने वरून घेतले तर डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात. इलस्ट्रेटर किंवा विनामूल्य मिळणारे इंकस्केप यांत हे छायाचित्र सर्वांत खालच्या थरावर ठेवून पुसट करतात. वरच्या थरावर पेन नावाच्या साधनाने बिंदू मांडत बाह्यरेषा ओढतात. दोन बिंदूंमधली वक्ररेषा गणिताने बांधलेली असते; रेनो मोटार कारखान्यातले फ्रेंच अभियंते पिएर बेझिए यांच्या नावाने ती ओळखली जाते. त्यामुळे असे चित्र तिकिटाएवढे छापा की भिंतीएवढे, त्याची कड रेखीवच राहते.

नंतर येतो त्याग. अंगावरच्या असंख्य केसांऐवजी मोजक्या सपाट छटा पुरतात: उजेडाची एक, सावलीच्या दोन, नाकाची एक. काय गाळायचे हे ठरवताना हात सांभाळावा लागतो. म्हातारपणी पांढरे झालेले तोंड काळे करणे किंवा फाटलेला कान सांधणे संगणकाला सोपे आहे. पण तसे केले की चित्र देखणे होते आणि ‘आपला’ तो त्यातून निघून जातो. सर्वांत शेवटी बुबुळावर पांढरा ठिपका पडतो आणि चित्र पाहू लागते.

जैन घराला या साधनाचे आणखी एक मोल वाटावे. लघुचित्रांचे कुंचले खारीच्या केसांचे असत. कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून मिळे, तर एक काळा रंग हाडे जाळून करीत. पडद्यावरच्या कुंचल्याला केस नाहीत आणि रंगाला हाडे नाहीत. सर्वथा निर्दोष साधन दुर्मीळच. तरी हा भार निश्चित हलका आहे.

तत्त्वार्थसूत्रात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. चित्र ही स्थापना. ‘हा आमचा मोती’ असे म्हणताच त्या रेषांत मोतीची स्थापना होते, आणि तिच्याशी वागताना आपले परिणाम घडतात. यशोधर राजाची कथा हेच बजावते. त्याने बळी दिला तो पिठाच्या कोंबड्याचा. पण मारण्याचा संकल्प खरा होता, म्हणून त्याला आणि त्याच्या मातेला तिर्यंच गतीत भव भोगावे लागले. अलीकडे वाढदिवसाच्या केकवर लाडक्या प्राण्याचे चित्र छापून त्यावर सुरी चालवण्याची रीत आली आहे. चित्र कितीही सुंदर असो, त्याची जागा भिंतीवर आहे, सुरीखाली नव्हे. मुलांना हे कारणासह सांगितले तर ती सहज समजून घेतात.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे पाच येतात. चित्रकाराने त्यांतले निदान दोन जवळ ठेवावेत. रुबाबासाठी कान कापलेला डॉबरमन कागदावर ऐटबाज दिसतो. पण ती ऐट छेदाची आहे, तिचा गौरव चित्रात नको. आणि पडद्यावरचा ठिपका नेमका बसवण्यात दुपार सरली असेल, तर खुर्चीपाशी बसलेल्याचे भांडे आधी पाहावे. चित्रातला मोती थांबू शकतो. चैत्राच्या उन्हात पाण्याची वाट पाहणार्‍याला तेवढा धीर नसतो.