नको म्हणजे नकोच!

मैत्रिणींनो, ज्यातलं कोणीच परदेशात नाही असं घर आता आपल्यासारख्या गावांतूनही शोधावं लागतं. शेजारच्या वहिनी मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाऊन येतात, समोरच्या काकू नातवाच्या मुंजीसाठी लंडन गाठतात. परत आल्या की फोटो दाखवतात. फोटोत इमारती असतात, बर्फ असतो, जावयाची गाडी असते. पण ज्या माणसांसाठी एवढा प्रवास केला त्यांच्याशी काय बोलणं झालं, ते काही फोटोत येत नाही. म्हणून आज ते लिहायचं म्हणते. आणि खाण्याबद्दलही लिहिणार बरं का! सांगलीची बाई जेवणाची गोष्ट वगळून पुढे जाईलच कशी?

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी दक्षिण जर्मनीत एसलिंगन नावाच्या गावात राहते. श्टुटगार्ट हे मोठं शहर तिथून अगदी जवळ. (श्टुटगार्ट आणि आपली मुंबई १९६८ सालापासून भगिनी-शहरं आहेत. म्हणजे आमचं मावशी-भाचीचं नातं जुनंच म्हणायचं!) भाची तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. जावईबापू तिथलेच, जर्मन. ताईला जाऊन आता सहा वर्षं झाली. माहेरपणाला बोलवायचं तर आईच्या जागी मीच. यंदा उलट झालं. तिनंच मला बोलावून घेतलं, मे महिन्यात, चांगलं तीन आठवडे.

एसलिंगन नेकार नदीच्या काठी आहे. लाकडाच्या तुळया भिंतीतून बाहेर दिसणारी, शेकडो वर्षांची घरं तिथं अजून नांदती आहेत. गावाच्या डोक्यावर किल्ल्याची तटबंदी आणि डोंगराच्या उतारावर द्राक्षांचे मळे. द्राक्षं बघून मला तर थेट तासगावात आल्यासारखं वाटलं. फक्त इथले वेल मांडवावर नाहीत, उतारावर ओळीनं उभे.

पहिल्याच दिवशी भाचीनं मला बजावलं, "मावशी, इथं कोणी आग्रह करत नाही. ‘नको’ म्हटलंस तर ते नकोच समजतात. भूक असेल तर पहिल्यांदाच ‘हो’ म्हण." आता तुम्हीच सांगा, आपल्याला हे जमणार कसं? आपल्याकडे पहिलं ‘नको’ ही नुसती सुरुवात असते. तीनदा नको म्हणायचं, चौथ्यांदा पोळी पानात पडू द्यायची. वाढणारीनं ऐकलं नाही म्हणजे तिची माया खरी! माझ्या मनात आलं, ज्या देशात आग्रह नाही तिथं आपली पोर कशी राहत असेल? तिला कोण वाढत असेल?

याचं उत्तर मला विहीणबाईंच्या घरी मिळालं. विहीणबाई सत्तरीच्या. मराठी शून्य, इंग्रजी चार शब्द. मी तिथं जायच्या आधीच त्यांनी भाचीला विचारून एका कागदावर लिहून ठेवलं होतं : मावशी मांस-मासे खात नाही, अंडं खाते, आंबट आवडतं, संध्याकाळी सहानंतर कॉफी घेत नाही. कागद स्वयंपाकघरात डब्याला चिकटवलेला. आग्रह नाही केला त्यांनी, पण एकही गोष्ट विसरल्या नाहीत. मला वाटतं, माया करायची हीसुद्धा एक रीत आहे.

त्या दिवशी त्यांनी त्या मुलखाचं अगदी घरगुती जेवण केलं होतं : मसूर आणि श्पेत्स्ले. एरवी याच्या जोडीला सॉसेज असतं, माझ्यासाठी ते वेगळं ठेवलं. अहो, पहिला घास घेतला आणि मी भाचीला म्हटलं, "अगं, या तर चकोल्या!" कोणी वरणफळं म्हणतं, कोणी चकोल्या. आपण वरणात कणकेचे तुकडे शिजवतो, त्या मसुराच्या आमटीसोबत पिठाचे उकडलेले तुकडे वाढतात. आपण चिंच-आमसूल घालतो, त्या व्हिनेगर घालतात. विहीणबाईंना हे भाचीनं समजावून सांगितलं तेव्हा त्या अशा हसल्या, की भाषेवाचून आमचं काही अडलं नाही.

करायची रीत सोपी आहे, लिहून घ्या. चौघांसाठी ४०० ग्रॅम मैदा, चार अंडी, एक चमचा मीठ आणि अंदाजे पाऊण कप पाणी. लाकडी चमच्यानं पीठ इतकं फेटायचं, की त्यात बुडबुडे दिसायला लागतात. भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट, पण ओघळणारं हवं. मग मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी उकळायचं. विहीणबाई पीठ ओल्या पाटीवर पसरून सुरीनं त्याच्या बारीक पट्ट्या झराझरा पाण्यात सोडतात. तो हात आपल्याला यायचा नाही. आपण मोठ्या भोकांच्या झाऱ्यातून पीठ दाबावं. तुकडे वर तरंगले की झाले, निथळून घ्यायचे. थरांमध्ये किसलेलं चीज आणि वर लोण्यात लाल केलेला कांदा घातला, की मुलं ताट चाटून पुसून ठेवतात.

मसुराची गोष्ट तर मला फारच आवडली. आम्ही पडलो अख्ख्या मसुराच्या मुलखातल्या! श्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिशे आल्ब नावाचं डोंगरपठार आहे, तिथं पूर्वी मसूर पिकायची. १९५० नंतर ती हळूहळू बंद पडली आणि जुन्या जातींचं बीही नाहीसं झालं. ते बी २००६ साली सापडलं कुठं, तर रशियात! सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेनं ते जपून ठेवलं होतं. तिथून आणून शेतकऱ्यांनी पुन्हा पेरलं. मसूर एकटी ताठ उभी राहत नाही, म्हणून तिच्या सोबतीला ओट नाहीतर जव पेरतात. त्याच्या आधारानं ती वर चढते. हे ऐकताना माझं लक्ष का कोण जाणे, भाचीकडे आणि तिच्या सासूकडे गेलं.

मे महिना म्हणजे तिकडे श्पार्गेलचा हंगाम. ही आपल्या शतावरीच्या कुळातली भाजी. कोंबांवर मातीचे वरंबे चढवून ऊन लागू देत नाहीत, म्हणून ती पांढरीशुभ्र राहते. सालं काढून उकडायची, वर लोणी, सोबत बटाटे. २४ जूनला हंगाम संपला म्हणजे संपला, मग पुढच्या वर्षापर्यंत वाट बघायची. आपल्या हापूससारखंच! पावाचे तर किती प्रकार सांगू? २०१४ साली जर्मनीनं आपल्या पावाच्या परंपरेला देशाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. रात्रीचं जेवण बहुतेक घरांतून थंडच : पाव, चीज, काकडी, मुळा. पहिले दोन दिवस मला ते जेवण वाटेना, पण रात्री आठला ओटा लखलखीत बघून मी म्हटलं, बाई गं, यातही काही वाईट नाही!

आणखी एक गंमत. त्या भागात इमारतीचा जिना आणि पुढचं अंगण झाडायची पाळी बिऱ्हाडांमध्ये आठवड्यानं फिरते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. श्टुटगार्टात १९८८ पर्यंत हा शहराचा नियमच होता, आता कितीतरी घरांच्या भाडेकरारात असतो. त्या आठवड्यात पाटी आमच्या दारावर होती आणि आमचे जावईबापू बादली-फडकं घेऊन जिना पुसत होते. मी उठायला लागले, तर भाची म्हणाली, "बस गं, पाळी त्याची आहे." मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा पुरुष जिना पुसतोय आणि मी चहा पितेय!

एका शनिवारी मौलब्रोनचा मठ पाहिला. ११४७ साली स्थापन झालेला, १९९३ पासून जागतिक वारशात असलेला. इथल्याच विद्यालयात लेखक हेर्मान हेस लहानपणी शिकायला होता आणि तिथून पळून गेला होता. त्याच्या आईचे वडील केरळात राहिले होते, त्यांनी मल्याळम शब्दकोश केला. म्हणजे माणसं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पूर्वीपासून जातच आहेत. मठाबरोबर एका पदार्थाचीही दंतकथा सांगतात. उपासाच्या दिवसांत संन्याशांना मांस वर्ज्य. त्यांनी काय केलं? मांस बारीक चिरून पालेभाजीत मिसळलं आणि पिठाच्या पारीत लपवलं, म्हणजे देवाला दिसायला नको! त्या माउलटाशनना तिथं लाडानं ‘देवाला फसवणारे छोटुकले’ अशा अर्थाचं नाव आहे. मी म्हटलं, एकादशी अन् दुप्पट खाशी ही काही आपलीच मिरास नाही! भाजीचं सारण घातलेलेही मिळतात. मला मनापासून आवडले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. मी निघताना दाजी, म्हणजे भाचीचे वडील, स्टँडपर्यंत सोडायला आले होते. एरवी फार न बोलणारा माणूस. म्हणाले, "ती तिकडचं नागरिकत्व घ्यायचं म्हणतेय. आपला पासपोर्ट सोडणार नाही, एवढं तिच्याकडून वदवून घ्या." जर्मनीत आता पाच वर्षांच्या राहण्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. जून २०२४ पासून जर्मनीची दोन नागरिकत्वांना हरकत नाही, पण आपला कायदा दोन्ही ठेवू देत नाही. तिकडचं घेतलं की इकडचं सुटतं. मग ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर हवं तेव्हा येता येतं, हवं तितकं राहता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. दाजींचा जीव त्या ‘सुटतं’ शब्दात अडकला होता.

ते ओझं मी दोन आठवडे पर्समध्ये ठेवल्यासारखं बाळगलं. मग उल्मला गेलो. तिथलं चर्च बांधायला १३७७ मध्ये घेतलं आणि १८९० मध्ये पुरं केलं! मनोरा १६१ मीटरहून उंच. जगातलं सर्वांत उंच चर्च म्हणून शतकाहून जास्त काळ त्याचा मान होता, २०२५ साली बार्सिलोनाच्या चर्चनं तो घेतला. पायऱ्या ७६८. माझ्या गुडघ्यांनी खालूनच नमस्कार केला. गावात जिकडे तिकडे चिमण्यांच्या मूर्ती. लोककथा अशी, की बांधकामासाठी लांबलचक तुळई आणली, ती गाडीवर आडवी. वेशीतून जाईना. लोक वेसच पाडायला निघाले. तेवढ्यात एक चिमणी चोचीत काडी घेऊन आली, घरट्याच्या फटीपाशी तिनं काडी फिरवली, उभी केली आणि आत शिरली. लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला!

परतीच्या गाडीत भाची म्हणाली, "मावशी, बाबांनी तुळई आडवीच धरलीय ना?" म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मग मीही वळणं घेतली नाहीत. तिथल्याच रीतीनं सरळ विचारलं, "तू परत राहायला येणार आहेस का?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "राहायला नाही, मावशी. भेटायला नेहमी येईन. पण जिथं काम करते, कर भरते, तिथं मतही द्यावंसं वाटतं. आणि खरं सांगू? तो निळा पासपोर्ट द्यायचा विचार आला की पोटात कालवतं. आईनं माझ्याबरोबर रांगेत उभं राहून काढला होता तो." एवढं बोलून तिनं डोळे पुसले. मी तिला काही वदवून घेतलं नाही. नुसता हात धरला.

सांगलीला आल्यावर मी दाजींना गोल गोल सांगितलं नाही. म्हटलं, "ती राहायला येणार नाही. तिचं ठरलंय. पण तिथं तिची काळजी घेणारी माणसं आहेत, मी डोळ्यांनी पाहिली. तुम्ही एकदा जाऊन या." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं आता रागावणार. तर हळूच म्हणाले, "त्या बाई चकोल्या करतात म्हणालात?" पुढच्या आठवड्यात त्यांनी व्हिसाचे कागद विचारले.

तुम्हीही अशा प्रवासाला निघणार असाल, तर चार गोष्टी सांगून ठेवते. व्हिसासाठी कमीत कमी ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्यविमा लागतो, तो आधी काढा. दूध-मांसाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, तेव्हा कंदी पेढे घरीच ठेवा, गोडा मसाला न्या. शाकाहारी असाल तर तिकडच्या बटाट्याच्या सॅलडबद्दल विचारून घ्या, त्यात बरेचदा मांसाचं पाणी असतं. रविवारी दुकानं बंद, म्हणून भाजी शनिवारीच आणून ठेवा.

आणि शेवटची गोष्ट. मुलांना जे विचारायचं ते सरळ विचारा आणि त्यांनी ‘नको’ म्हटलं तर ते एकदाच ऐकून घ्या. पोळी वाढताना आग्रह शोभतो. पण त्यांनी कुठं राहायचं हे ठरवताना, बायांनो, आपण वाढणाऱ्या नव्हेत. पान त्यांचं आहे.