आधी वीज, मग गॅस

गाडीचा एसी गार करेनासा झाला की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: गॅस संपला. गॅस भरला जातो, काही दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. वायरिंगच्या कामातून माझं मत पक्कं झालंय की तपासणी विजेपासून सुरू व्हावी आणि वीज तपासायची ती सर्किट चालू ठेवून, लोडवर. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. मग गॅस भरल्यावर एसी चालू का होतो? पुष्कळदा बिघाड मधूनमधून येणारा असतो. बॉनेट उघडं राहतं, बॉनेटखालची उष्णता कमी होते, काम करताना सैल कनेक्टर हलतो आणि कॉम्प्रेसरचा क्लच पुन्हा पकडतो. श्रेय मात्र गॅसला मिळतं.

क्लचवाल्या साध्या कॉम्प्रेसरचाच हिशेब मांडून पाहा. एसी चालू केल्यावर क्लचच्या कॉइलला वीज मिळते, ती चुंबक बनते आणि समोरची प्लेट ‘टक्’ करून फिरत्या पुलीला चिकटते. समजा, थंड कॉइलचा रेझिस्टन्स ३.६ ओहम आहे आणि इंजिन चालू असताना १४ व्होल्ट मिळताहेत. म्हणजे जवळपास ३.९ अँपिअर करंट. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे तीच कॉइल शंभर अंशांपर्यंत तापली की ४.७ ओहमची होते. त्यात रिलेच्या जळक्या पॉइंटमध्ये किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये एक ओहमचा अडथळा आला, तर उरतात जेमतेम अडीच अँपिअर. क्लच झिजून प्लेट आणि पुलीतलं अंतर वाढलेलं असेल, तर एवढी ओढ पुरत नाही. सकाळी व्यवस्थित चालणारा एसी दुपारी ट्रॅफिकमध्ये एकदा सुटला की पुन्हा पकडत नाही, तो यामुळे. आता कॉइलचा कनेक्टर काढून मीटर लावा: पूर्ण १४ व्होल्ट! मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून त्या एक ओहमवर काहीच व्होल्टेज पडत नाही. ‘करंट येतोय, म्हणजे कॉइल गेली’ हा निर्णय इथेच चुकतो. कनेक्टर जागेवर ठेवून, एसी चालू असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी कॉइलच्या प्लस वायरला लावली, की वाटेत किती व्होल्ट हरवतात ते दिसतं. बॅटरीच्या मायनसपासून कॉइलच्या अर्थिंगपर्यंतही तेच करायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की संशय घ्यावा. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत अर्थिंगचे बोल्ट गंजतात, तिथे तर हे आधी पाहावं.

कॉइलपर्यंत वीज पोचतच नसेल तर प्रश्न बदलतो: तार तुटली आहे, की कुणी मुद्दाम वीज अडवली आहे? फ्यूज आणि रिले पाहून झाले, उंदरांनी कुरतडलेली वायर नाही याची खात्री झाली, की प्रेशर स्विचकडे वळायचं. गॅस फार कमी झाला तर हाच स्विच सर्किट तोडतो, आणि ते त्याचं कामच आहे. म्हणजे विजेचा माग काढत गेलं तर गॅसची कमतरताही पुराव्यासकट सापडते. स्विचला वायरने ‘डायरेक्ट’ करून एसी चालवणं मात्र घातक. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसेल तर कॉम्प्रेसर कोरडा घासतो.

यावर आक्षेप येईल की गळती खरोखरच नेहमीची तक्रार आहे. आहेच; रबरी होज आणि सील वर्षानुवर्षं थोडाथोडा गॅस सोडतात. पण मीटर लावायला काही मिनिटं पुरतात, आणि बंद एसीवरचं प्रेशर गॅसचं प्रमाण सांगत नाही. आत थोडा जरी द्रवरूप आर-१३४ए गॅस शिल्लक असला तरी ३० अंशांना गेज साधारण ९५ पीएसआय दाखवतो, गॅस अर्धा असो वा पूर्ण भरलेला. खरं प्रमाण वजनावरच कळतं. जास्त भरला तर प्रेशर वाढून गारवा उलट घटतो. हायवेवर गार आणि सिग्नलला गरम होणाऱ्या गाडीत तर आधी कंडेन्सरच्या फॅनची वीज पाहावी. दुसरा आक्षेप असा की कित्येक नव्या गाड्यांत क्लचच नसतो, सगळं ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ठरवतो, तेव्हा स्कॅनर लावला की झालं. स्कॅनर हवाच, पण त्याचा कोड बहुधा कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे तेवढं सांगतो; सेन्सर खराब, वायर खराब की अर्थिंग खराब, हे मीटरनेच ठरतं. इलेक्ट्रिक गाडीत मात्र कॉम्प्रेसर हाय-व्होल्टेजवर चालतो. तिथल्या नारिंगी केबलना प्रशिक्षित माणसाशिवाय कुणीही हात लावू नये. बाकी गाड्यांच्या मालकांनी बिल देण्याआधी दोन आकडे मागावेत: लोडवर किती व्होल्ट हरवत होते, आणि जुना गॅस किती ग्रॅम निघाला. हे आकडे ज्याच्याकडे नाहीत, त्याने गाडी तपासलेली नाही.