पत्र्याची गिटार

२०११ च्या पावसाळ्यात एका आजाऱ्याला कम्युनियन देऊन परतताना माझी स्कूटर घसरली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी मोडली. हाडे यथावकाश जुळली, परंतु बोटे पूर्वीसारखी वाकेनात. मिस्सा अर्पण करताना त्याची अडचण नाही, लिहिताना तर नाहीच. अडचण झाली ती गिटारीची. गोरेगावच्या सेमिनरीत हाती घेतलेले हे वाद्य वीस वर्षे माझ्या सोबतीला होते. तारा दाबण्यास चार बोटे लागतात. मजजवळ दोनच उरली होती. मी गिटार धर्मग्रामातील एका मुलाला देऊन टाकली आणि धर्मगुरूला हवेत कशाला असले छंद, अशी मनाची समजूत घातली. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, दुसरे काय!

पुढे २०१९ च्या उन्हाळ्यात, रजेवर गेलेल्या एका धर्मगुरूंच्या जागी, अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या एका लहानशा गावी तीन महिने सेवा करण्याचा योग आला. तेथे चर्चचे आवार राखणारे एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ होते. पूर्वायुष्यात ते मोटार मेकॅनिक होते. सायंकाळी ओसरीवर बसून ते ब्लूज वाजवीत. डाव्या करंगळीत बाटलीच्या मानेची कापलेली काच घालायची आणि ती तारांवरून अलगद सरकवायची. पडदा दाबायचाच नाही. त्यामुळे स्वर पायऱ्या चढत नाही, घसरत जातो, माणसाच्या हुंदक्यासारखा. तो ऐकताच मला लहानपणचा रेडिओ आठवला. हवाईयन गिटारीवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या धुनांत हाच ताणलेला, गहिवरलेला स्वर असे. हे साम्य अगदीच आगंतुक नाही. हवाई बेटांवरील टाऊ मो आणि त्यांचे कुटुंब १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहत होते आणि तेथे त्यांनी ही गिटार शिकविली.

मी त्या वृद्धांच्या हाताकडे पाहिले. काच घातलेले बोट ताठ होते. ते ताठच ठेवावे लागते! मग मी माझ्या करंगळीकडे पाहिले.

"घ्या की एखादी, फादर," ते म्हणाले. "पण लाकडी पेटीची नको. पत्र्याची पाहा."

पत्र्याची गिटार म्हणजे रेझोनेटर गिटार. तिची कथा मोठी रंजक आहे. १९२० च्या दशकात वाद्यवृंदातील पितळी वाद्यांपुढे बिचाऱ्या गिटारीचा आवाज कोणाला ऐकूच येत नसे. जॉर्ज बीचम नावाच्या रंगमंचीय वादकाने लॉस एंजेलिस येथील जॉन डोपेरा या स्लोव्हाक कारागिराकडे मोठ्या आवाजाच्या गिटारीची मागणी केली. डोपेरांनी गिटारीच्या पोटात अॅल्युमिनियमचे तीन पातळ शंकू बसविले. तारांचा कंप घोडीतून या शंकूंत उतरतो आणि ध्वनिक्षेपकाच्या पडद्याप्रमाणे ते तो हवेत फेकतात. विजेची गरजच नाही. १९२७ मध्ये 'नॅशनल' या नावाने ही वाद्ये बाजारात आली. त्यांचे अंग जर्मन सिल्व्हरचे होते. म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणाचे. नावात चांदी असली तरी धातूत तिचा मागमूस नसतो. आपल्या स्वयंपाकघरांत अॅल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचे पातेले' म्हणतात. तेव्हा बाहेरून त्यांचे जर्मन आणि आतून आपले जर्मन, असे हे वाद्य.

पुढे भागीदारांत बेबनाव झाला. डोपेरा बाहेर पडले आणि १९२८ मध्ये भावांसह त्यांनी 'डोब्रो' काढली. डोपेरा बंधू या नावाचा तो संक्षेप. स्लोव्हाक भाषेत 'डोब्रो' म्हणजे चांगले. तिच्यात एकच शंकू, तोही वाटीसारखा उताणा, आणि त्यावर आठ पायांच्या कोळ्यासारखा धातूचा सांगाडा. नॅशनलनेही एका शंकूची स्वस्त गिटार काढली. तिच्या शंकूच्या टोकावर लाकडाची छोटी चकती असते. तिला चक्क 'बिस्किट' म्हणतात. विकत घेणाऱ्याने हा भेद ध्यानात ठेवावा. कोळ्याचा आवाज गोड आणि लांबणारा. डोंगराळ भागातल्या ब्लूग्रास संगीताला तो शोभतो. बिस्किटाचा आवाज ताडकन उठतो, भुंकल्यासारखा, आणि लगेच विझतो. तीन शंकूंचा मुलायम, पण खिशाला जड. डेल्टातील ब्लूजला बिस्किटच मानवते. मंदीच्या काळात नॅशनलची रंगविलेल्या पोलादी पत्र्याची 'डुओलियन' ही धातूच्या गिटारींतली स्वस्त जात होती, आणि तिच्यावर ब्लूजवाल्यांचे प्रेम जडले. स्वस्त गिटार शोधणाऱ्याने त्यामुळे ओशाळण्याचे कारण नाही.

मजजवळ मिस्साच्या दानातून साठलेले सातशे डॉलर्स होते. त्यांतील दोनशे आमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी मनाने राखून ठेवलेले. एका शनिवारी त्या वृद्धांच्या गाडीतून आम्ही मेम्फिसला गेलो. दुकानात कॅलिफोर्नियात हाताने घडविलेल्या नव्या नॅशनल गिटारी भिंतीवर होत्या. किंमत तीन हजारांच्या पुढे. त्यांचे नुसते दर्शन घेतले. खाली आशियात बनलेल्या गिटारी होत्या. त्यांतली चौकोनी मानेची एक मी उचलली, तशी त्यांनी ती काढून घेतली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची. उभ्या धरून वाजविण्यास गोल मानच हवी.

मला मोहविले ते चकाकत्या पितळी अंगाच्या एका गिटारीने. तिच्यावर माडांची नक्षी कोरलेली होती. वसईचा माणूस माडाला भुलणारच.

"पाठ फिरवा आणि नुसते ऐका, फादर," वृद्ध म्हणाले. "डोळे फार खर्चीक असतात."

मी पाठ फिरविली. त्यांनी पाच गिटारी वाजविल्या. माडांची गिटार घशातल्या घशात बोलत होती. मला आवडली ती चौथी. वळून पाहिले, तर ती वापरलेली, करड्या रंगाची, पोलादी अंगाची, कडेला पोचा आलेली. किंमत चारशे ऐंशी. मग तपासणी सुरू झाली. मानेच्या टोकाशी डोळा लावून ती सरळ आहे ना, हे पाहिले. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून आणि मग दाबून, दोन्ही स्वर जुळतात ना, हे ऐकले. काचेने वाजविताना तारा पडद्यांपासून जरा उंच हव्यात. फार उंच असल्या तर माझी उरलेली दोन बोटे दमतील. पोच्याची चिंता नको, असे ते म्हणाले; शंकू बिघडला तर नवा बसविता येतो, पण वाकडी मान पदरी पडली की पडली.

एकच खोट होती. चौथी तार छेडली की आत काहीतरी झणझणत असे. दुकानदार म्हणाला, शंकूला चीर गेली असेल, तीनशे ऐंशीला न्या. वृद्धांनी वरच्या जाळीदार झाकणावर तळहात दाबला आणि तार छेडली. झणझण बंद! शंकू धड होता. झाकणाचा स्क्रू सैल होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पैसे मोजले.

रात्री दोन स्क्रू पिळले आणि गिटार निर्मळ वाजू लागली. मला मात्र वाजविता येईना. त्याच ओसरीवर मी सन हाउसची हकीकत ऐकली होती. तो तरुणपणी बॅप्टिस्ट प्रवचनकार होता. ब्लूज म्हणजे सैतानाचे संगीत मानणारा. पुढे गिटार त्याच्या हाती आली आणि जन्मभर तो प्रवचनपीठ व गिटार यांच्यामध्ये ओढला गेला. १९६४ मध्ये चाहत्यांनी त्याला न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे शोधून काढले, तेव्हा तो स्वतःचे वादन विसरला होता. अॅलन विल्सन नावाच्या एका गोऱ्या तरुणाने त्याचीच गाणी त्याला पुन्हा शिकविली. माझा पेच एवढा थोर नव्हता. तो अवघ्या शंभर डॉलर्सचा होता. पण दुसऱ्या दिवशीच्या मिस्सात पापकबुलीच्या प्रार्थनेत 'जे करायचे ते न केल्याने' या शब्दांशी माझी जीभ अडखळली.

पुढच्या शनिवारी मी दुकानदाराला सारे सांगून शंभर डॉलर्स पुढे केले. त्याने साठ ठेवून घेतले आणि जाड तारांचे दोन संच हातात कोंबले. वृद्ध गाडीतच बसून होते. परतताना त्यांनी 'ओपन जी' कसा लावायचा ते सांगितले: पहिली, पाचवी आणि सहावी तार एकेक स्वर उतरवायची, म्हणजे बोट न लावताही सहा तारा एका मेळात बोलतात.

गिटार आता वसईत आहे. आमची हवा खारी, त्यामुळे वाजवून झाले की पोलाद कोरड्या फडक्याने पुसावे लागते. तारा एकेक करूनच बदलतो. साऱ्या एकदम काढल्या की शंकूवरचा दाब सुटून तो जागचा हलतो. परवा मी अशीच ती पुसत बसलो होतो. आमच्या धर्मग्रामाच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या.

"फादर, असं पुसून काय होणार?" त्या म्हणाल्या. "द्या इकडं, राख लावून घासून देते."