टाकीचे झाकण

आम्ही कला शाखेचे पदवीधर. घरी कोंकणी, वर्गात मराठी आणि बाजारात कानडी अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो; परंतु यंत्रांची चौथी भाषा आम्हांस कधी अवगत झाली नाही. म्हणूनच आमच्या जुन्या, कार्ब्युरेटर असलेल्या मोटारीने भर रस्त्यात अबोला धरण्यास आरंभ केला, तेव्हा तिचे म्हणणे आम्हांस दोन महिने उमगले नाही.

प्रथम ती थांबली बेळगावहून निपाणीकडे येताना, काकती मागे पडल्यावर. दोन-चार आचके दिले, वेग मंदावला आणि इंजिन निमूटपणे बंद पडले. बॉनेट उघडून आम्ही पंधरा मिनिटे गंभीर मुद्रेने आत पाहत उभे राहिलो. पुन्हा किल्ली फिरवताच गाडी अशी सुरू झाली, की जणू काही घडलेच नव्हते. दिवस उन्हाळ्याचे होते. इंजिन तापते, असे निदान आम्ही तेथल्या तेथे करून टाकले.

दुसऱ्या खेपेस ती हत्तरगीजवळ थांबली. तीही पावसात, रात्रीच्या गारव्यात. उष्णतेचा सिद्धान्त तेव्हाच कोसळावयास हवा होता. पण एकदा मनात बसलेला तर्क सहजासहजी उठत नाही. एका कारागिराने प्लग बदलले, दुसऱ्याने कॉइल बदलली, पेट्रोलची गाळणीही नवी घातली. प्रत्येक दुरुस्तीनंतर काही दिवस गाडी सुरळीत चाले, आणि पैसे कारणी लागले म्हणून आम्ही निश्चिंत होत असू.

तिसरा प्रसंग मात्र थट्टेचा नव्हता. बेळगावास आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून आम्ही परतत होतो. संकेश्वरास टाकी भरून घेतली आणि तवंदी घाटात वळणावर गाडीने तेच आचके दिले. मागून भरलेला ट्रक येत होता. इंजिन थांबताच ब्रेकला मिळणारे साहाय्य थोड्याच वेळात सरते आणि पायाखालचा ब्रेक दगडासारखा कठीण होतो, हे आम्हांस त्या क्षणी कळले. ट्रकचालकाने वेळीच वेग आवरला. खाली उतरून ‘निधान, निधान’ म्हणत त्याने आमची गाडी कडेला ढकलून दिली. मागच्या आसनावर डोळ्याला पट्टी बांधलेली आई शांतपणे म्हणाली, “तिका श्वास घेवंक मेळना, पळय.” आम्ही त्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. आमचे हात कापत होते.

विद्यार्थीमित्रहो, पुढे कधी तुमच्यावर असा प्रसंग आला तर एवढे ध्यानात ठेवा. चालत्या गाडीत किल्ली काढू नये. सुकाणूचक्र अडकून बसते. क्लच दाबावा, उरलेल्या वेगातच गाडी डाव्या कडेला घ्यावी, मागच्यांना दिव्याने इशारा द्यावा आणि माणसांना रस्त्यापासून दूर उभे करावे.

निपाणीस पोचल्यावर आम्ही गाडी एका लहानशा गॅरेजात नेली. तेथील तरुण कारागीर आमचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने पाना हाती घेतलाच नाही; आधी प्रश्न विचारले. “सर, इंजिन एकदम बंद पडते की आचके देत?” एकदम दिवा मालवावा तसे थांबले तर बहुधा ठिणगीचा दोष, अडखळत थांबले तर बहुधा पेट्रोल कमी पडते, असे त्याने सांगितले. नंतर विचारले, “टाकी केव्हा भरली होती?”

खर्चाची टिपणवही ठेवण्याची आमची जुनी सवय येथे कामास आली. तिन्ही वेळा टाकी भरल्यावर थोड्याच अंतरात गाडी थांबली होती! अर्धी टाकी असताना एकदाही नाही. त्याच वहीत, पहिल्या प्रसंगाच्या आदल्या आठवड्यात, एक नोंद होती : ‘टाकीचे नवे झाकण.’ जुने आम्ही पेट्रोल भरताना कोठेतरी विसरलो होतो.

तो हसला. आम्हांस घेऊन त्याने मोठी फेरी मारली. आचके सुरू होताच गाडी कडेला थांबवून झाकण सैल केले. फुस्स असा आवाज करीत हवा आत शिरली आणि इंजिन पुन्हा नीट चालू लागले. जुन्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र होते. आम्ही आणलेले झाकण पूर्ण बंद होते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत पडते. दुसरे भोक पाडताच सरळ धार लागते. तोच हा न्याय. हवेला वजन असते, हे टॉरिचेलीने 1643 साली पाऱ्याच्या नळीने दाखवून दिले. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलोग्रॅम इतका तो भार असतो. टाकीत हवा शिरली नाही, की आतला दाब घटतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. भरलेल्या टाकीत मोकळी जागा थोडी, म्हणून दाब लवकर घटतो. गाडी थांबून राहिली म्हणजे फटींतून हळूहळू हवा शिरते आणि ती पुन्हा चालू होते. आईचे बोलणे अक्षरशः खरे होते. आजच्या नव्या गाड्यांची रचना निराळी आहे; त्यांचे दोष यंत्र लावून वाचता येतात. परंतु विचारावयाचे प्रश्न तेच.

त्याने झाकणाचे पैसे घेतले. मजुरी घेतली नाही. घरी येताना आम्हांस त्याचे प्रगतिपुस्तक आठवले. ‘प्रश्न फार विचारतो. अभ्यासात लक्ष नाही,’ हा शेरा आम्हीच लिहिला होता. शाळा त्याने नववीतच सोडली.

तो शेरा आता पुसता येणार नाही. परवा वर्गात एक मुलगा उत्तर देता देता मध्येच थांबला. ‘अभ्यास केला नाहीस!’ हे शब्द ओठांवर आले होते. ते गिळून आम्ही विचारले, “बाळ, नेमके कोठे अडते?”

त्याने थोड्या वेळाने सांगितले.