चार पावले

महाविद्यालयात कोणी निवृत्त होणार असले की मानपत्र लिहिण्याचे काम मराठी विभागाकडे येते. गेल्या अठरा वर्षांत मी अशी इतकी मानपत्रे लिहिली आहेत की ‘ज्ञानयज्ञ’, ‘ऋषितुल्य’, ‘दीपस्तंभ’ हे शब्द लेखणीतून आपोआप उतरतात. आमच्या शारीरिक शिक्षण संचालकांच्या निरोप समारंभाच्या वेळी मात्र दोन संध्याकाळी कोरा कागद पुढे घेऊन बसले आणि काही सुचेना. तालुक्याच्या गावातले महाविद्यालय, चौतीस वर्षांची नोकरी आणि जिमखान्याच्या कपाटात मोजक्या ढाली. एवढ्या सामग्रीवर मानपत्र कसे उभे करायचे?

खरी अडचण ढालींच्या संख्येची नव्हती. सरांच्या कामाचे मोठे फलित म्हणजे जे घडले नाही ते. आणि न घडलेल्या गोष्टींची नोंद करणारा वाङ्मयप्रकार आपल्याकडे नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयांत खेळाडूंच्या दुखापतींकडे पाहणारा माणूस प्रशिक्षकाहून निराळा असतो. त्याला ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ म्हणतात. या मंडळींची राष्ट्रीय संघटना १९५० साली कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली आणि १९९० मध्ये तेथील वैद्यक संघटनेने हा आरोग्यसेवेतील व्यवसाय असल्याचे मान्य केले. संघ जिंकावा ही चिंता प्रशिक्षकाची. जखमी खेळाडूने मैदानात उतरावे की नाही, ही डॉक्टरांची आणि ट्रेनरची. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत ही माणसे एकाच देहात नांदतात. संघ निवडणारे, शिट्टी वाजवणारे, प्रवासखर्चाची बिले सादर करणारे आणि मुरगळलेल्या पायाला क्रेप बँडेज बांधणारे सर एकच. त्यामुळे जिंकण्याची इच्छा आणि थांबवण्याचे कर्तव्य यांतला तंटा त्यांना स्वतःशीच सोडवावा लागतो.

हा तंटा मी १९९९ साली अगदी जवळून पाहिला; तेव्हा तो कळला नाही, इतकेच. मी याच महाविद्यालयाच्या खो-खो संघात होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा उपांत्य सामना होता. खांबाला वळसा घालताना माझा उजवा घोटा मुरगळला. सर धावत आले, घोट्याच्या मागच्या कडेचे हाड त्यांनी बोटाने दाबून पाहिले आणि म्हणाले, “चार पावलं टाक.” दोन टाकली. तिसऱ्याला पाय टेकेना.

“बस खाली. आज नाही.”

“सर, शेवटची पाळी आहे. मी करते.”

“पोरी, पाळ्या पुष्कळ येतील. बस.”

आम्ही एका गुणाने हरलो. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत होते. माझा राग त्यामुळे निवण्याऐवजी दुणावला. हाड मोडलेले निघाले असते तर सरांचा निर्णय बरोबर ठरला असता. आता तो निव्वळ भित्रेपणा वाटू लागला. त्या वर्षी मी पुन्हा जिमखान्याची पायरी चढले नाही.

मानपत्रासाठी तपशील हवा, म्हणून यंदा सरांकडे गेले तेव्हा त्यांनी एक लांबट, हिशेबाची असते तशी वही पुढे केली. तीत चौतीस वर्षांतल्या दुखापती होत्या. तारीख, खेळ, अवयव, काय केले, पुढे काय झाले. विशेषण एकही नाही. १९९९च्या पानावर मला मी सापडले : ‘उजवा घोटा. हाड ठीक. दोन आठवडे खेळ बंद. मुलगी रागावली आहे.’ आमच्या संबंधांवर याहून नेमके कोणी लिहू शकले नसते.

त्या चार पावलांचे मूळही वहीत होते. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली घोट्याच्या दुखापतीसाठी एक नियम प्रसिद्ध केला. विशिष्ट जागी हाड दाबून पाहायचे; दुखले, किंवा रुग्णाला चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. सरांनी तो कुठल्याशा मासिकातून उतरवून घेतला होता आणि खाली लिहिले होते : ‘हे फक्त हाडापुरते. चालणे म्हणजे खेळणे नव्हे.’

हे वाक्य त्यांना कोठून मिळाले, ते पाच पाने मागे गेल्यावर कळले. १९९४. कबड्डीतला एक चढाईपटू. नाव लिहिलेले नाही. साखळी सामन्यात गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला होता. तीन आठवड्यांत सूज उतरली, मुलगा सरळ चालू लागला. अंतिम सामना तोंडावर आलेला. सगळ्यांचा आग्रह होता, मुलाचाही. सरांनी त्याला खेळवले. वळताना गुडघा पुन्हा निसटला. लिगामेंट तुटलेलेच होते, आता आतली गादीही फाटली. तो मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. नोंद अशी संपते : ‘चालतो म्हणून सोडला. चूक माझी. भरतीला जाऊ शकला नाही.’

त्या वर्षीची ढाल आजही कपाटात आहे. सामना आम्ही जिंकला होता.

वहीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत चार शब्द आहेत : विश्रांती, बर्फ, दाब, उंची. गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली रूढ केलेले हे सूत्र जगभरच्या मैदानांवर पाठ झाले. पुढे २०१४ साली त्याच मर्किन यांनी लिहिले, की बर्फाने दुखापत भरून येणे लांबू शकते. कारण सूज हा बरे होण्याचाच एक भाग असतो. सरांनी ‘बर्फ’ या शब्दाखाली लाल रेघ ओढून समासात लिहिले आहे : ‘फक्त वेदनेसाठी, थोडा वेळ. हालचाल लवकर सुरू.’ निवृत्तीला दहा वर्षेही उरली नसताना हा मनुष्य पहिल्या पानावर दुरुस्ती करत होता. मला माझ्या साहित्यशास्त्राच्या टिपणांची आठवण झाली. त्यांचे कागद पिवळे पडले आहेत आणि समास कोरे आहेत. आपण चुकीचे शिकवले तर कुणाचा गुडघा निसटत नाही, हे आपले भाग्य म्हणायचे की आपली सोय, हे मला ठरवता आलेले नाही.

असो. मानपत्र लिहून झाले. त्यात ‘दीपस्तंभ’ नाही. ‘ज्यांनी अनेकांना वेळेवर थांबवले’ असे एक वाक्य आहे. समारंभाआधी मी सरांना ते वाचून दाखवले आणि त्या मुलाचा उल्लेख मानपत्रात शोभत नाही म्हणून केला नाही, असे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मॅडम, मानपत्रात नको. पण कुठेतरी लिहा. माझ्या जागी येणाऱ्याला उपयोग होईल.” म्हणून हे लिहिले.

वही त्यांनी माझ्याकडे दिली आहे. नव्या संचालकांच्या हाती द्यायची म्हणून. जागा अजून भरलेली नाही. वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. खिडकीतून मैदान दिसते. संध्याकाळी मुले खेळत असतात, आणि कुणी लंगडत कडेला येऊन बसले की माझा हात खणाकडे जातो.