लाकडी बैलाचा धनी

श्रावणातल्या अमावास्येला यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातल्या घरांत दोन गोष्टी एकाच दिवशी येतात. बैलांचा पोळा असतो आणि लेकरांसाठी आईने धरायचं पिठोरीचं व्रतही त्याच दिवशी असतं. गावाचं लक्ष अर्थातच बैलांकडे. आदल्या संध्याकाळी त्यांचे खांदे हळद-लोण्याने शेकलेले असतात, उद्या जेवायला या म्हणून आवतण दिलेलं असतं. पोळ्याच्या दिवशी शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि झडत्यांना, म्हणजे पोळ्यात म्हणायच्या पद्यांच्या चढाओढीला, जोर चढतो. या धांदलीत चार वर्षांचं लेकरू सगळ्यांच्या मधे मधे येतं. बेगडाचा तुकडा पळवतं, झुलीखाली लपतं, बैलाच्या पायांत घुसतं आणि दिवसभर बोलणी खातं. त्याला दूर ठेवावंच लागतं. खऱ्या बैलाचा खूर लहान पावलावर पडला तर काय होईल, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

विदर्भाने या लेकराची सोय दुसऱ्या दिवशी लावली आहे. तो दिवस तान्ह्या पोळ्याचा.

नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी 1806 मध्ये ही प्रथा सुरू केली, असं सांगितलं जातं. मुलांना बैलाचं मोल कळावं, हा त्यामागचा विचार. राजवाड्यातला हा सण पुढे गावोगावच्या ओसरीवर आला. चाकं लावलेला लाकडी बैल, त्याला बांधलेली दोरी आणि दोरीच्या टोकाला नवे कपडे घातलेला धनी. घरोघरी बैल न्यायचा, पूजा करून घ्यायची आणि बोजारा घ्यायचा. बोजारा म्हणजे हातावर पडणारे पैसे किंवा खाऊ. आता मोठमोठ्या बैलांच्या, महागड्या सजावटीच्या स्पर्धाही होतात. त्यांत लेकरापेक्षा वडिलांची हौस जास्त दिसते. वीतभर बैल आणि उंबरठ्यावर अडखळणारी त्याची चाकं, हा सणाचा खरा आकार.

या सणात एक गोष्ट फार मोलाची आहे. मोठी माणसं इथे खोटं खोटं वागत नाहीत. घरची बाई खऱ्या बैलासाठी आणते तेच ताट आणते, लाकडी पायांवर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते. आजा ओसरीवरून विचारतो, “कोनाचा गा बैल?” आणि पोट्टं छाती काढून सांगतं, “माया!” एवढ्या देवघेवीत ते कितीतरी शिकून जातं. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, धाकटीलाही दोरी धरू द्यायची, चाक निखळलं तर रडत बसण्याऐवजी बसवून घ्यायचं. हे कुणी समोर बसवून शिकवत नाही. मोठ्यांच्या जगातली एक जागा त्याला त्याच्या मापाने मिळालेली असते, आणि ती सांभाळताना ते आपोआप मोठ्यांसारखं वागू लागतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या सॅन पेद्रो या माया लोकांच्या गावात वर्षानुवर्षं हेच पाहिलं. तिथली मुलं मोठ्यांच्या अवतीभवती राहून, बघून आणि कामाला हात लावून शिकतात. केळापूरच्या शेतकरी घराला हे नवं वाटणार नाही. भाकरीच्या पिठातला एक गोळा लेकराला मिळतो, तुरीच्या शेंगा सोलताना चार दाणे त्याच्याही वाटीत पडतात. कामाला वेळ लागतो, हे खरं. तीन वर्षांच्या मुलाने केलेली मदत निस्तरायला आणखी एक माणूस लागतो. पण त्याला बाजूला बसवून काम उरकणारी आई आणि त्याला गोळा देऊन उशीर पत्करणारी आई, या दोघींच्या घरांत पुढे पडणारा फरक मोठा असतो. दुसऱ्या घरातल्या लेकराला आपली इथे गरज आहे हे कळलेलं असतं. आणि उशीर पत्करणं ही आईबापांची शिकवणी असते. ती सोपी नाही.

मात्र लेकराच्या मापाचं काम आणि त्याच्यावर टाकलेलं ओझं यांतलं अंतर फार थोडं असतं. ते नीट ओळखलं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. 1945 मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम 1957 मध्ये डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्यांना घराघरांत सापडलं. कुणी गुरांमागे होतं, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. त्यांनी आईबापांना दोष दिला नाही. गुरांमागच्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. मोठी बहीण धाकट्याला घेऊनच येई, तो पाळणाघरात राही आणि ती वर्गात बसे. आठ वर्षांच्या मुलीला तिचं बालपण परत मिळावं म्हणून आधी तिच्या कडेवरच्या बाळाची सोय करावी लागते, हे त्यांनी करून दाखवलं.

केळापूरकडे हा प्रश्न कापसाबरोबर येतो. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली की वेचणी सुरू होते. मजुरी किलोवर असते, त्यामुळे अंगावर पाजायला थांबलेल्या आईचा प्रत्येक थांबा पैशांत मोजला जातो. धाकटं धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत आणि त्याला झोका द्यायला मोठी बहीण, असं चित्र अजून दिसतं. 2016च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा शाळेच्या वेळेनंतर घरच्या कामाला हात लावायची मुभा देतो. पण झोळीजवळच्या मुलीची शाळाच बुडालेली असते.

कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, त्यात भाषेचीही भर पडते. कोलामी ही द्रविड कुळातली बोली, मराठीहून अगदी वेगळी. घरात ती बोलणारं लेकरू अंगणवाडीत आलं की बाईंचं बोलणं कळेपर्यंत गप्प राहतं. बाईंना चार कोलामी शब्द येत असतील तर तेच लेकरू पहिल्या आठवड्यात बोलकं होतं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने पोषण आणि शिक्षण एका छताखाली आणलं. कोलामासारख्या आदिम जमातीच्या पोडावर त्या छताखाली घरची बोलीही हवी.

धाकट्यांच्या सांभाळासाठी 2005च्या रोजगार हमी कायद्याने एक तरतूद केली होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यांना सांभाळायला मजूर बायांपैकीच एकीला नेमायचं आणि तिलाही पूर्ण मजुरी द्यायची. खासगी शेतावर असा कायदा नाही, पण गावाला तो स्वतःपुरता करता येईल. वेचणीच्या दोन-तीन महिन्यांत अंगणवाडीचं दार आया शेतावरून परतेपर्यंत उघडं ठेवायचं. पोडावरची कोलामी बोलणारी, वेचणीला जाणं न झेपणारी एखादी आजी तिथे मानधनावर बसवायची. हा खर्च ग्रामपंचायतीला झेपणारा आहे. त्याचा ठराव पोळ्याच्या आसपासच्या ग्रामसभेत घेतला, तर पहिल्या वेच्याआधी व्यवस्था उभी राहते आणि मोठ्या बहिणीचं नाव शाळेच्या हजेरीत रोज लागतं.